पोळ्यात उभी राहिलेली मोटार

आमच्या पांढुर्ण्यात काही वर्षं अशी होती, की रस्त्यात दोन माणसं भेटली की "बरं हाय ना?" असं न विचारता "आ कर, भाऊ" म्हणत, आणि समोरचा दाढा दिसतील एवढं तोंड उघडून हसत असे. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटे, गावाचं काहीतरी बिघडलं आहे. ही रीत कुठून आली ते आता फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवतो. ती आली जयवंताबाईंपासून.

जयवंताबाई तिगावजवळच्या एका खेड्यातल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना डावा खांदा किंचित पुढे. बोलणं थोडं, पण बोलल्या की वाक्य पुरं करायच्या. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी त्यांच्या नवऱ्याच्या अंगावर कापसाची भरलेली गाडी उलटली. बैलगाडीत घालून त्याला तिगाव टेशनावर आणलं, तेव्हा नागपूरची पॅसेंजर नुकतीच सुटली होती. तिचा शेवटचा डबा दिसत होता, असं त्या सांगत. पुढची गाडी संध्याकाळी होती. नवरा दुपारीच गेला, फलाटावरच्या लिंबाखाली.

पुढे तीन वर्षांनी नागपूरच्या एका सेवा संस्थेने पांढुर्ण्यात धर्मार्थ दवाखाना काढला आणि लढाईतून मोडीत निघालेली एक लष्करी मोटार विकत घेऊन रोग्यांसाठी इथे पाठवली. ते ऐकून जयवंताबाई गाठोडं घेऊन दवाखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर मुकुंदरावांनी विचारलं, "काम काय येतं?"

"सारवणं येते, धुणं येते, अन् माणूस उचलून गाडीत ठेवणं येते जी," त्या म्हणाल्या.

मुकुंदरावांनी त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं. मी तेव्हा शेजारच्या मराठी शाळेत चौथीला शिकवत असे. वर्गाची मागची खिडकी दवाखान्याच्या आवारात उघडायची, त्यामुळे पुढची हकीकत बरीचशी डोळ्यांनी पाहिलेली आहे.

मोटार चालवायला नत्थूजी होते. लोधीखेड्याचे शेतकरी, फौजेत लॉरी चालवून आलेले, मिशीला तूप लावणारे, आणि जयवंताबाईंना चिडवल्याशिवाय ज्यांची सकाळ उगवत नसे असे. त्यांच्या खिल्लारी जोडीचा त्यांना मोटारीहून जास्त अभिमान होता.

मोटारीला खाली सागवानी फळ्या, एका बाजूला टांगलेली खाट. खाटेवर एक रोगी, बाकीचे फळ्यांवर. पहिले सहा महिने मोटारीत कोणी बसेना. कारण सरळ होतं. कालपरवा तिच्यात कोणाचा जीव गेला, कोणाचं बाळंतपण झालं; त्या विटाळात आपलं माणूस कसं ठेवायचं? जयवंताबाईंनी त्यावर जो उपाय केला तो आमच्याकडची कोणतीही बाई करती. त्यांनी मोटार सारवली. गाईचं ताजं शेण, थोडी माती; फळ्यांवर असा गुळगुळीत हात फिरवला की चार बोटांचे अर्धगोल ओळीने उठून दिसावेत. वर रांगोळीचं एक बोट. प्रत्येक रोगी उतरला की पुन्हा नवं सारवण. बायांनी वाकून पाहिलं, "घरासारखी हाय वं," म्हणाल्या, आणि लोक बसू लागले. चार वर्षं मोटार धावली.

मग पंचावन्न सालची गोटमार आली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा अन् सावरगाव समोरासमोर उभे राहून एकमेकांवर गोटे मारतात. झेंडा कोण आणतो त्यावर सारं. हे चांगलं की वाईट, त्यात मी जात नाही. माणसं फुटतात एवढं खरं. त्या वर्षी दोघांना जास्त लागलं. एक सावरगावचा, आणि दुसरा आमच्या गावचा वसंत. गोटमारीत चारदा झेंडा आणलेल्या दादाजीचा हा धाकटा भाऊ. खाटेवर तिसराच होता म्हणून हे दोघे खाली, सारवणावर, उघड्या जखमांनी निजून नागपूरला गेले. आठव्या दिवशी दोघांचेही जबडे आवळून दातखीळ बसली. सावरगावचा कसाबसा वाचला. वसंत गेला.

दादाजी चौकात उभा राहून म्हणाला, "त्या गाडीत बसला का धनुर्वात होते. माह्या घरचं कोणी पुन्हा चढन तर पाय तोडीन." तो उंचापुरा, बोलका माणूस, त्याचा शब्द गावात चाले.

 तिसऱ्या दिवशी मुकुंदराव मोटारीच्या मागच्या पायरीवर बसले आणि खिशातल्या चाकूने फळी खरवडू लागले. चाकू अर्धा बोट आत गेला तरी लाकूड लागेना. चार वर्षांचे थर होते.

"जयवंताबाई, हे शेण आहे ना?"

"सारवण जी. रोज नवं करते." त्यांच्या आवाजात अभिमान होता.

डॉक्टरांनी त्यांना समजावलं. धनुर्वाताचं बीज मातीत असतं, गुराढोरांच्या शेणात असतं, वाळून पडलं तरी मरत नाही, आणि उघडी जखम मिळाली की आत शिरतं.

"शेणात?" जयवंताबाई म्हणाल्या. "लक्षुमी हाय जी ते."

"अंगणात लक्ष्मीच आहे. जखमेत नाही."

त्यांनी खरवडलेल्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे वसंतले म्या मारलं."

"ते मला माहीत नाही," मुकुंदराव म्हणाले. खोटा धीर देण्याची त्यांना सवय नव्हती. "नदीतल्या चिखलातूनही आलं असेल. पण आता आपल्याला कळलं आहे. कळल्यावर पुन्हा झालं, तर ते मात्र आपलं."

जयवंताबाईंनी खुरपं आणलं. त्या दिवशी सकाळपासून माझ्या वर्गात पाढे चालू होते आणि मागून खर्रखर्र आवाज येत होता. मधल्या सुट्टीतही तो थांबला नाही. फळ्या उघड्या झाल्या तेव्हा फटींत नखभर जागा नव्हती, जिथे काही साचलेलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांच्या मागे लागून फळ्यांवर जस्ताचा पत्रा ठोकून घेतला. मग धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी, खराटा, पुन्हा कढत पाणी, फिनेल, आणि दोन्ही दारं उघडी टाकून मोटार तासभर उन्हात. खाटेची चादर प्रत्येक वेळी उकळायची. मोटार आरशासारखी झाली. आणि कोणी बसेना.

आता दोन कारणं झाली होती. पुरुष म्हणत, धनुर्वाताची गाडी. बाया म्हणत, बिनसारवलेली गाडी. कलाबाई नावाच्या बाईची लेक अडली होती, तेव्हा जयवंताबाई स्वतः मोटार घेऊन दारात गेल्या. कलाबाईंनी आत वाकून पाहिलं.

"पत्रा हाय नुसता. सारवण कुठं हाय?"

"धुतली हाय माय, उकळत्या पान्यानं."

"पान्यानं विटाळ जाते काय? अशीत लेक टाकू काय मी?" आणि लेक बैलगाडीतून गेली. सुदैवाने सुखरूप सुटली.

आश्विनापासून आषाढापर्यंत मोटार दोनदा हलली. नत्थूजी बॉनेटवर निंबाच्या सावलीत झोपून म्हणत, "जयवंता, इतकी घासू नको. पत्रा झिजून खाली रस्ता दिसंन."

श्रावणात नागपूरहून पत्र आलं. तेव्हा जिकडेतिकडे राज्यं नव्याने जुळवण्याची बोलणी चालू होती. नागपूर मुंबईकडे जाणार, आम्ही आहे त्या राज्यातच राहणार, आणि आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला जाणार. संस्थेचे चिटणीस श्रीकांतबापू यांनी लिहिलं होतं, की मोटार वर्षभर जवळपास उभीच आहे. राज्यं वेगळी व्हायच्या आत ती नागपूरला परत आणावी असं मंडळाचं मत आहे. दिवाळीआधी येऊन आपण स्वतः पाहू आणि मोटार घेऊन जाऊ.

मुकुंदरावांनी पत्र वाचून दाखवलं. जयवंताबाईंनी विचारलं, "किती माणसं बसले म्हंजे गाडी राहीन जी?"

"आकडा नाही लिहिला. पण गोटमारीच्या दिवशीसुद्धा ती रिकामी उभी राहिली, तर मला बोलायला तोंड नाही."

गोटमारीला तेव्हा तीन आठवडे उरले होते. त्या तीन आठवड्यांत जयवंताबाई दारोदार जाऊन सांगून आल्या. लोक चहा देत, ऐकून घेत, मान हलवत. कोणी हो म्हणालं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नत्थूजींनी आपली जोडी दवाखान्यामागच्या विहिरीवर आणली होती. आमच्याकडे त्या दिवशी बैलांना घासून धुतात, संध्याकाळी हळद-तुपाने खांदे शेकतात, आणि बैलाच्या कानाशी सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जयवंताबाई पलीकडे मोटारीचा पत्रा घासत होत्या. मी खिडकीत होतो.

"नत्थूजी," त्यांनी अचानक विचारलं, "बैलाले सारवत काऊन नाही हो?"

नत्थूजी हसून हसून विहिरीत पडायचे राहिले. "बैलाले कोन सारवते वं? बैल काय भित असते? बैलाले धुतात. शेन त्याच्या अंगाचं काढतात, लावत नाहीत!"

"मंग धुतल्यावर त्याच्या पाया पडता?"

"पडतोच ना. देव हाय तो उद्याचा."

जयवंताबाईंनी खराटा खाली ठेवला. दोन-तीन क्षण त्या बैलांकडे आणि मोटारीकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या जोडीची जुनी झूल द्या मले. अन् हळद उरली असंन तर तेबी."

त्या संध्याकाळी त्यांनी मोटारीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना हळद-तूप लावलं आणि दिव्याच्या काचेशी तोंड नेऊन स्पष्ट सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नत्थूजींनी कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्या दिवशी घुंगरमाळ त्यांनीच आणून बॉनेटवर बांधली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सगळ्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभ्या राहिल्या. सर्वांत शेवटी मोटार. अंगावर झूल, पुढे बाशिंग, मागची दारं सताड उघडी, आणि आत पत्रा असा चकाकत होता की पश्चिमेचं ऊन त्यावरून उडून लोकांच्या डोळ्यांत जाई. हशा पिकला. दादाजी आपल्या जोडीपासून चालत आला.

"कोनाचा बैल हाय हा?"

"गावाचा," जयवंताबाई म्हणाल्या.

"हा पोळा हाय बाई, सर्कस नाही. बिनसारवलेली चीज देवाच्या रांगेत लावता?"

"दादाजी, तुमची जोडी आज सारवली काय?"

"काय म्हनता?"

"सारवली का धुतली?"

दादाजीने मागे आपल्या जोडीकडे पाहिलं. "धुतली."

"मंग तिच्या पाया पडन का नाही तुमची घरवाली? घर एका जागी बसते, म्हून आपन ते सारवतो. जे चालते, ओझं वाहते, त्याले धुतो. हेबी माणसं वाहते. आम्ही याले घर समजलो, ते आमचं चुकलं. हे घर नोहे, बैल हाय."

आता कोणी हसलं नाही. ओळीतले दोन-तीन म्हातारे एकमेकांकडे पाहून "बराबर हाय बाप्पा" म्हणाले. दादाजी मागे फिरला.

तोरण तुटलं. जोड्या घरोघरी निघाल्या, तशी मोटारही निघाली. नत्थूजी पायी चालणाऱ्याच्या वेगाने चालवत होते. आमच्याकडे पोळ्याला दारात आलेला बैल पूजा केल्याशिवाय परत पाठवत नाहीत. जयवंताबाईंनी मोटार पहिल्यांदा दादाजीच्या दारात नेली. दादाजीची बायको अंबाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. मोटार पाहून थबकली. वसंतला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. नवरा ओट्यावर उभा, तोंड फिरवून. अंबाबाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग खाली उतरली, चारही चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि पुरणाची पोळी झुलीवर ठेवली. तिने पूजली म्हटल्यावर आळीतल्या कोणत्या घराने नाही म्हणावं? कलाबाईंनी तर नारळ फोडला.

पण पूजा करणं वेगळं आणि आत निजणं वेगळं, हे जयवंताबाईंना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठावर त्यांनी तीन दगडांची चूल मांडली आणि गुळाची मोठी कढई पाणी भरून उकळत ठेवली. बाजूला सोडा, फिनेल, दोन खराटे, उकळून वाळवलेल्या चादरींची चळत. गोटे सुरू झाले. पहिला जखमी, कपाळ फुटलेला, त्याच्या आईनेच मोटारीकडे आणला. "काल मी कुंकू लावलं हाय याले," एवढंच ती म्हणाली. त्याला दवाखान्यात पोचवून मोटार परत आली, धुतली. मग आणखी दोघे. दुपारपर्यंत दहा माणसं दवाखान्यात पोचवली. दर फेरीनंतर कढत पाणी, खराटा, फिनेल. चढणाऱ्याच्या पायाला चिखल असला तर आधी तो धुवायचा, मग तो कोणीही असो.

तीनच्या सुमाराला ओरडा झाला. दादाजीला चौघांनी खांद्यावर आणलं. गोटा नडगीवर बसून हाड बाहेर आलं होतं. मोटार तेवढ्यात परत येऊन उभी राहिली होती. पत्र्यावर आधीच्या दोघांचं रक्त होतं.

"चढवा!" चौघे धावले.

जयवंताबाई दारात आडव्या झाल्या. "धुवाची हाय."

"माणूस मरून राहिला, अन् तुले भांडे घासाचे सुचून राहिले!" गर्दीतल्या एकाने त्यांच्या हातातला खराटा हिसकावला. मुकुंदराव धावत आले. त्यांनी दादाजीचा पाय घट्ट बांधला, सुई टोचली, आणि गर्दीकडे पाहून हळूच म्हणाले, "या एका वेळी राहू द्या, जयवंताबाई."

"नाही जी." त्यांचा आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. "वसंतच्या वेळेस म्या धुतली नोहोती, सारवली होती. म्हून म्हनते, पाच मिनिटं द्या मले."

गावासमोर त्यांनी हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. सगळे थांबले. चौघांच्या खांद्यावर पडलेल्या दादाजीने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा राखेसारखा झाला होता.

"द्या रे तिचा खराटा," तो म्हणाला. "धुवू द्या."

 मोटार धुऊन होईस्तोवर नदीकाठावर फक्त खराट्याचा आवाज येत होता. मग त्यांनी स्वच्छ चादर अंथरली, दादाजीचा चांगला पाय धुतला, आणि त्याचं डोकं स्वतःच्या हाताने खाटेवर टेकवलं. नत्थूजींनी मोटार नागपूरच्या रस्त्याला लावली.

खरी परीक्षा त्यानंतर होती. धनुर्वात लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून जयवंताबाई रोज सकाळी दहा घरं फिरू लागल्या. दारात उभ्या राहून एकच म्हणत, "आ कर, भाऊ." माणूस तोंड उघडी. त्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवत, जबडा सैल आहे ना पाहत, आणि पुढच्या दारी जात. आठवा दिवस गेला. दहावा गेला. पोरं त्यांच्यामागे "आ कर, आ कर" ओरडत फिरू लागली. पंधराव्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी एका घरी बसून चहा घेतला. एकविसाव्या दिवशी दहाही जबडे शाबूत होते.

अकरावा नागपूरला होता. महिना उलटल्यावर तो पॅसेंजरने आला. आम्ही बरेच जण टेशनावर गेलो होतो. डब्याच्या दारात कुबड्या दिसल्या, मग दादाजी. जयवंताबाई गर्दीच्या मागे उभ्या होत्या. त्याने त्यांना शोधून काढलं, फलाटावर पाय ठेवायच्या आधी दांडा धरून उभा राहिला, आणि अख्ख्या टेशनासमोर तोंड एवढं उघडलं की पडजीभ दिसली. टेशनमास्तरसुद्धा हसला. जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला दिसलं नाही. नत्थूजी म्हणाले, "पाह्य वं जयवंता, दाढ किडली हाय त्याची. तेबी धुऊन टाक."

दिवाळीच्या आठवडाभर आधी श्रीकांतबापू आले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, सोबत मोटार चालवून न्यायला एक माणूस. दवाखान्याच्या आवारात येऊन पाहतात तो अकरा जण ओट्यावर ओळीने बसलेले, शेवटी दादाजी कुबडी घेऊन.

"ही मंडळी कोण?" त्यांनी मुकुंदरावांना विचारलं.

"गोटमारीला आपल्या मोटारीत बसलेली."

"आणि धनुर्वात?"

दादाजीने कुबडी आपटली. अकराही जणांनी एकदम आ केला.

श्रीकांतबापू दचकून एक पाऊल मागे सरले. मुकुंदरावांनी सारं सांगितलं. बापूंनी जयवंताबाईंना विचारलं, "बाई, हे तुम्ही केलं?"

"सुई डाक्टरसाहेबाची जी. गाडी माही."

बापू मोटारीकडे वळले. मग म्हणाले, "आतून पाहतो एकदा," आणि पायरीवर पाय ठेवला. रस्त्याच्या मातीने बूट भरले होते.

जयवंताबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "आधी पाय धुवा जी."

सोबतचा माणूस चमकून बापूंकडे पाहू लागला. ओट्यावर कोणी हसलं नाही. श्रीकांतबापूंनी बूट काढले, मोजे काढले, धोतर वर धरलं आणि पाय पुढे केले. जयवंताबाईंनी पाणी घातलं. ते आत चढले, पत्र्यावर अनवाणी उभे राहिले, वाकून कोपऱ्यात बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं.

खाली उतरल्यावर ते सोबतच्या माणसाला म्हणाले, "तू संध्याकाळच्या पॅसेंजरची दोन तिकिटं काढ. आपण गाडीने आलो, गाडीनेच जाऊ."

पुढल्या पंधरवड्यात नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. मोटार इथेच राहिली. पुढे दर पोळ्याला ती तोरणाखाली शेवटच्या जागी उभी राहू लागली, धुतलेली, आणि तिच्या पुढच्या जागेवर दादाजी आपली जोडी लावत असे.